आरोग्य शिबिराची वही: लोकांच्या तब्येतीची माहिती कायद्याप्रमाणे कशी गोळा करावी

शिबिराच्या टेबलावर एक लांब वही असते. अनुक्रमांक, नाव, वय, मोबाईल, वजन, बीपी, शुगर, शेरा. रांगेतला माणूस पुढे येतो, बोट टोचून घेतो, आणि मशीनवर आकडा येईपर्यंत त्याची नजर वहीतल्या वरच्या ओळीवर असते. वरच्या ओळीत शेजारच्या बिल्डिंगमधल्या काकूंची शुगर लिहिलेली असते.

काही वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या अशाच एका शिबिरात मी नावं लिहायला बसलो होतो. संध्याकाळी कुणीतरी उत्साहाच्या भरात वहीच्या पानांचे फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले. एका पानावर शाळेची व्हॅन चालवणाऱ्या एका दादांची शुगर २८६ अशी स्पष्ट दिसत होती. दोन दिवसांत पालकांमध्ये कुजबुज सुरू झाली, आठवडाभरात त्यांच्या व्हॅनमधली निम्मी मुलं दुसरीकडे गेली. एका आकड्यावरून कुणी गाडी चालवायला नालायक ठरत नाही, पण ते सांगायला कोण बसलंय? त्या दिवशी रांगेत त्यांना मीच हाक मारून उभं केलं होतं. तेव्हापासून शिबिराचं काम आलं की मी आधी फॉर्म मागून घेतो आणि त्यातले रकाने खोडायला लागतो.

गणेशोत्सव मंडळ, सोसायटी, महिला बचत गट, ट्रस्ट, छोटा दवाखाना, जो कुणी लोकांच्या तब्येतीची माहिती लिहून घेतो त्याच्यासाठी हा लेख आहे.

कायदा कुठला लागतो

पाया २०१७ चा. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. त्यानंतर आला डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि त्यांनी टप्पे ठरवून दिले. डेटा संरक्षण मंडळाची (तक्रारी ऐकून दंड ठरवणारी सरकारी यंत्रणा) तरतूद लगेच, आणि सूचना, संमती, सुरक्षा या मुख्य जबाबदाऱ्या १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये.

मग तोवर मोकळं रान आहे का? नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३अ आणि त्याखालचे २०११ चे नियम तोवर चालूच आहेत. त्यांत शारीरिक आणि मानसिक आरोग्याची स्थिती, वैद्यकीय नोंदी आणि पूर्वेतिहास यांना 'संवेदनशील वैयक्तिक माहिती' म्हटलं आहे. ती घेण्याआधी हेतू सांगून लेखी संमती घ्यावी लागते आणि तक्रार आली तर महिन्याभरात निवारण करावं लागतं. हे नियम कंपन्या, भागीदारी संस्था आणि व्यवसाय करणाऱ्यांना आहेत. म्हणजे तुमच्या शिबिरात येणारी लॅब आणि खासगी दवाखाना त्यात आला. डॉक्टरांवर तर २००२ च्या व्यावसायिक आचारसंहितेप्रमाणे रुग्णाचं गुपित राखण्याचं बंधन आहेच. पुढे नुसतं 'कायदा' म्हटलं असेल तिथे २०२३ चा नवा कायदा समजा; मे २०२७ आधीच सवय लागावी म्हणून पायऱ्या त्याप्रमाणे लिहिल्या आहेत.

मंडळाचे कार्यकर्ते इथे हमखास दोन गोष्टी विचारतात. 'आम्ही तर नोंदणीकृतही नाही, आम्हाला काय लागू?' नव्या कायद्यात व्यक्तींचा कुठलाही समूह येतो, नोंदणी असो वा नसो. घरगुती कामापुरती सूट आहे, पण दीडशे लोकांचं शिबीर हे घरगुती काम नव्हे. दुसरा प्रश्न, 'आम्ही तर वहीतच लिहितो.' फक्त कागदावर राहिलेली माहिती या कायद्याच्या कक्षेत येत नाही, हे खरं. पण रात्री कुणी ती एक्सेलमध्ये चढवली, किंवा पानाचा फोटो काढला, की ती डिजिटल झाली आणि कायदा लागला. मे २०२७ नंतर कुणी आमच्यासारखा फोटो टाकला तर त्याला हाच कायदा लागेल.

पहिली पायरी: फॉर्म छापण्याआधी रकाने खोडा

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा. पुढची निम्मी डोकेदुखी इथेच संपते.

कायदा म्हणतो की संमती ठरलेल्या हेतूपुरती आणि त्या हेतूला आवश्यक तेवढ्याच माहितीपुरती असते. कायद्यातच याचं उदाहरण दिलं आहे, तेही आरोग्याचंच. एक टेलिमेडिसिन ॲप रुग्णाकडून त्याच्या माहितीबरोबर फोनमधल्या संपर्क यादीचीही परवानगी मागतं. रुग्ण दोन्हीला होकार देतो. तरी संपर्क यादी सल्ल्यासाठी लागत नाही, म्हणून त्या भागापुरता होकार धरलाच जात नाही. तुमच्या फॉर्मवर सही आहे म्हणून सगळं चालतं, हा समज इथेच काढून टाका.

म्हणून सगळ्यांनी मिळून एका बैठकीत एक वाक्य लिहा: 'आम्ही ही माहिती ______ साठी घेतोय.' मधुमेह आणि रक्तदाब तपासून ज्यांना गरज आहे त्यांना डॉक्टरांकडे पाठवायचं, हा हेतू असेल तर काय लागतं? नाव, वय, सध्या चालू असलेली औषधं, दोन आकडे, डॉक्टरांचा शेरा. पुन्हा फोन करणार असाल तरच मोबाईल नंबर. आता तुमचा जुना फॉर्म समोर ठेवा. जात, व्यवसाय, उत्पन्न, पूर्ण पत्ता, जन्मतारीख, आधार क्रमांक. यातलं काय लागतं? वयाला जन्मतारीख लागत नाही, आणि साखर मोजायला आधार मुळीच लागत नाही.

'राहू दे, पुढे कधीतरी उपयोगी पडेल' हे वाक्य बैठकीत कुणीतरी म्हणणारच. तो रकाना आधी खोडा.

शिबिरात कुणी १४ अंकी आभा क्रमांक (सरकारी डिजिटल आरोग्य ओळख क्रमांक) काढून देणार असेल, किंवा आरोग्यमित्र महात्मा फुले जन आरोग्य योजनेची माहिती द्यायला येणार असेल, तर त्यांचं टेबल वेगळं ठेवा. आभा काढणं ऐच्छिक आहे, हे तिथे मोठ्या अक्षरात लिहा. तिथे दिलेली कागदपत्रं तुमच्या फाइलला लागता कामा नयेत.

दुसरी पायरी: जबाबदार कोण, ते कागदावर आणा

माहिती कशासाठी आणि कशी घ्यायची हे जो ठरवतो तो कायद्याने जबाबदार. फॉर्म मंडळाने बनवला, आकडे मंडळाकडे राहणार, तर जबाबदारी मंडळाची. लॅब फक्त तुमच्या सांगण्यावरून नमुने तपासून रिपोर्ट देत असेल, तरी लॅबकडून चूक झाल्यावर लोक तुम्हालाच विचारणार आणि कायदाही तुम्हालाच विचारणार. काम दुसऱ्याकडून करून घेताना वैध करार हवा. एक पानाचा पुरतो: कुठली माहिती देतोय, कशासाठी, दुसऱ्या कुणाला द्यायची नाही, काम झाल्यावर परत की नष्ट, आणि काही बिघडलं तर आम्हाला त्याच दिवशी कळवायचं.

मंडळातल्या एका माणसाचं नाव आणि फोन या कामासाठी ठरवा. 'सगळ्यांची जबाबदारी' म्हटलं की ती कुणाचीच राहत नाही.

तिसरी पायरी: सूचना मराठीत, एका पानावर

संमती मागण्याआधी सूचना द्यावी लागते. ती सोप्या, स्पष्ट भाषेत हवी आणि इतर मजकुरात न लपवता स्वतंत्र समजेल अशी हवी. इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी कुठल्याही भाषेत ती वाचायची सोय माणसाला हवी. मराठी त्यात आहे, कोकणीही आहे, त्यामुळे सिंधुदुर्ग-गोव्याच्या बाजूला शिबीर असेल तर तीही प्रत ठेवा. आमची सूचना अशी असते:

*'नमस्कार. आज आम्ही तुमचं नाव, वय, मोबाईल नंबर, चालू औषधं, रक्तदाब आणि रक्तातली साखर लिहून घेणार आहोत. कारण एकच: तपासणी करणं आणि गरज वाटल्यास डॉक्टरांकडे पाठवणं. ही माहिती तपासणारे डॉक्टर आणि आमचे दोन नोंदणी कार्यकर्ते यांच्याशिवाय कुणी पाहणार नाही. आकड्यांचा कागद तुम्हालाच मिळेल. फोन करण्यासाठी ठेवलेली यादी एका वर्षाने पुसली जाईल. तुम्ही नाही म्हणालात तरी तपासणी होईल, फक्त आम्ही काही लिहून ठेवणार नाही. दिलेली संमती केव्हाही मागे घेता येते: या नंबरवर फोन करा किंवा मेसेज पाठवा. तक्रार असेल तर आधी याच नंबरवर सांगा. समाधान झालं नाही तर भारतीय डेटा संरक्षण मंडळाकडे तक्रार करता येते.'*

हे पान टेबलावर ठेवून भागत नाही. रांगेच्या सुरुवातीला, बसायच्या खुर्च्यांजवळ मोठ्या अक्षरात लावा आणि एका कार्यकर्त्याने ते वाचून दाखवावं. शिबिराला येणाऱ्या कितीतरी आजी-आजोबांचा चष्मा घरी असतो. ज्यांना वाचता येत नाही त्यांना अंगठा लावायला सांगण्याआधी प्रत्येक ओळ बोलून सांगा, आणि सांगणाऱ्याने त्या कागदावर आपली सही करावी.

'एका वर्षाने' का लिहिलं, तर नव्या नियमांत डिजिटल माहिती आणि तिच्या वापराच्या नोंदी किमान एक वर्ष जपून ठेवण्याची तरतूद आहे. म्हणूनच आम्ही आकडे संगणकात चढवतच नाही. कागद ज्याचा त्याला देतो. यादीत फक्त पुन्हा फोन करायचा आहे त्यांचं नाव आणि नंबर राहतो.

चौथी पायरी: संमती, एका कामाला एक चौकट

कायद्याच्या भाषेत संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण, बिनशर्त आणि निःसंदिग्ध हवी, आणि ती माणसाने स्वतः काहीतरी करून दिलेली हवी. गप्प राहणं म्हणजे होकार नव्हे. आधीच टिक केलेली चौकट चालत नाही. उद्या वाद झाला तर संमती घेतली होती हे तुम्हालाच सिद्ध करावं लागतं, म्हणून सही-अंगठ्याचा कागद किंवा फोनवरची नोंद सांभाळा.

फॉर्मच्या तळाशी तीन वेगळ्या चौकटी करा. तपासणी आणि नोंद: हो / नाही. पाठपुराव्यासाठी फोन: हो / नाही. फोटो: हो / नाही. एकाला नाही म्हटल्यावर दुसरं अडवायचं नाही.

इथे प्रायोजकांचा विषय येतोच. बॅनर आणि चहा-नाश्त्याचा खर्च करणारा म्हणतो, 'बाकी काही नको, फक्त नंबरांची यादी द्या.' विमा एजंट असेल, औषधाचं दुकान असेल, जिम असेल. तपासणीसाठी दिलेली संमती त्याला पुरत नाही. यादी दिलीत तर तुम्ही लोकांचा आजार विकलात असंच मी म्हणेन, पैसे घेतले नसले तरी. ज्याला ऑफर हवी तो स्वतः प्रायोजकाच्या टेबलावर जाऊन नाव लिहील. प्रायोजकाला हे पहिल्याच बैठकीत सांगा, शिबिराच्या संध्याकाळी नव्हे.

संमती लागतच नाही असेही प्रसंग आहेत. रांगेत कुणी चक्कर येऊन पडलं आणि तुम्ही १०८ ला फोन करून त्यांचं वय, शुगर, औषधं सांगितली, तर जीवाला धोका असलेल्या वेळी कायदा ती मुभा देतो. साथीच्या काळात उपचार आणि आरोग्यसेवेसाठीही तशी तरतूद आहे. तिथे फॉर्म शोधत बसू नका.

पाचवी पायरी: १८ वर्षांखालच्या मुलांचं

१८ पूर्ण झालेली नसतील तर आई-वडिलांची पडताळता येईल अशी संमती हवी. मुलीच्या हातून सही करून आणलेली चिठ्ठी म्हणजे पडताळणी नव्हे. पालक सभेत सूचना वाचून तिथेच सह्या घेणं सर्वात सोपं. डॉक्टर आणि दवाखान्यांना मुलाच्या आरोग्याच्या रक्षणापुरती या अटीतून सूट आहे, पण ती तुमच्या मंडळाला किंवा सर्वेक्षण करणाऱ्या गटाला आपोआप मिळत नाही.

आणि शाळेत तपासणी असेल तर वजन आणि हिमोग्लोबिन मोठ्याने ओरडून सांगू नका. एक जण मोजतो, दुसरा लांबून लिहितो, मधे अख्खा वर्ग ऐकतो. 'अठ्ठावन्न!' हा आकडा त्या मुलीला वर्षभर चिकटतो. मोजणाऱ्यानेच लिहावं.

सहावी पायरी: ज्या गोष्टींना वेगळा कायदा आहे

एचआयव्ही. २०१७ च्या कायद्याप्रमाणे चाचणीआधी समुपदेशन आणि समजून दिलेली संमती हवी, आणि न्यायालयाच्या आदेशाशिवाय कुणालाही आपली स्थिती उघड करायला भाग पाडता येत नाही. सर्वसाधारण शिबिराच्या फॉर्मवर हा प्रश्न असूच नये.

रक्तदान. दात्याची प्रश्नावली ही रक्तकेंद्राची असते, आयोजकांची नव्हे. घेतलेल्या रक्ताची एचआयव्ही, कावीळ ब आणि क, सिफिलिस हा गुप्तरोग आणि मलेरियासाठी तपासणी होते. निकाल दात्याला एकट्याला, गोपनीयपणे कळवायचा असतो. मंडळाचा अध्यक्ष असला तरी 'कुणाचं रक्त बाद झालं' असं रक्तकेंद्राला विचारू नये आणि विचारलं तर त्यांनी सांगू नये. ज्यांना टेबलावरूनच परत पाठवलं त्यांची नावंही चर्चेत आणू नका.

मानसिक आरोग्य. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ आणि २४ मध्ये गोपनीयतेचा हक्क आहे. उपचार घेणाऱ्याचा फोटो किंवा माहिती त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही. समुपदेशनाच्या टेबलाचे फोटो बातमीत देणाऱ्यांनी हे आधी वाचावं.

गर्भपात. २०२१ च्या दुरुस्तीनंतर गर्भपात झालेल्या स्त्रीचं नाव-तपशील कायद्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीशिवाय कुणाला सांगणं हा गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. महिला आरोग्य शिबिरात ही विचारपूस स्त्रीरोगतज्ज्ञ पडद्याआड करतील आणि लिहायचं ते स्वतःच्या केसपेपरवर लिहितील. तुमच्या वहीत त्याचा रकाना नको.

क्षयरोग इथे उलटा आहे. टीबीचा रुग्ण सापडला तर डॉक्टर आणि लॅबने सरकारला कळवणं २०१२ पासून बंधनकारक आहे. ती संमतीची बाब नाही. मात्र कळवायचं आरोग्य यंत्रणेला, गल्लीला नव्हे, आणि तुम्ही तसं कळवताय हे रुग्णाला सांगून कळवा.

कुणी विद्यार्थी किंवा प्राध्यापक या आकड्यांवर प्रबंध करणार असतील, तर आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार आचार समितीची मान्यता आधी हवी. शिबीर झाल्यावर 'आता डेटा आहेच तर' असं चालत नाही.

सातवी पायरी: टेबल मांडा

प्रत्येकाला सुटा कागद. टोकन नंबर पुकारा, नाव नको. रांग आणि टेबल यांच्यात चार-पाच पावलांचं अंतर. आकडा दाखवायचा, बोलायचा नाही. झालं.

आठवी पायरी: फोन, एक्सेल आणि पेटी

यादी एकाच यंत्रावर, पासवर्ड असलेल्या फाइलमध्ये, दोघांपलीकडे कुणाला उघडता येणार नाही अशी ठेवा. व्हॉट्सॲपवरून फाइल पाठवू नका, कारण ती पाठवली की किती फोनमध्ये उतरली ते तुम्हाला कधीच कळत नाही. कार्यकर्त्यांच्या फोनमधले फोटो शिबीर संपतानाच, उभ्या उभ्या पुसून घ्या, 'रिसेंटली डिलीटेड'मधूनही. कागद कुलूप असलेल्या पेटीत.

सुरक्षेत कसूर झाली तर नव्या कायद्यात दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. माहिती फुटल्याचं कळवलं नाही, किंवा मुलांबाबतच्या अटी पाळल्या नाहीत, तर २०० कोटींपर्यंत. एखाद्या मंडळाला इतका दंड होईल असं मी म्हणत नाही. चुकीचं स्वरूप, गांभीर्य, तुम्ही ती सावरायला काय केलं हे पाहून रक्कम ठरते. म्हणून काय काय काळजी घेतली ते लिहून ठेवा.

फोन हरवला, यादी फुटली तर

घाबरून गप्प बसायचं नाही. ज्यांची माहिती होती त्या प्रत्येकाला विनाविलंब कळवा: काय झालं, केव्हा, त्यांना काय त्रास होऊ शकतो, आम्ही काय करतोय, त्यांनी काय करावं, विचारायचं कुणाला. डेटा संरक्षण मंडळालाही लगेच कळवायचं आणि ७२ तासांच्या आत सविस्तर तपशील द्यायचा. 'थोडीशीच माहिती होती' ही सबब कायद्यात नाही. एकाची माहिती गेली तरी कळवायचं.

शेवटची पायरी: विचारलं तर दाखवा, मुदत संपली की नष्ट करा

माणूस नंतर येऊन विचारू शकतो: माझ्याबद्दल तुमच्याकडे काय आहे? ते दाखवा. चूक असेल तर दुरुस्त करा. संमती मागे घेतली तर त्याच दिवशी वापर थांबवा आणि ठेवायची मुदत संपली की पुसा. मागे घेणं हे देण्याइतकंच सोपं हवं. सही टेबलावर अर्ध्या मिनिटात घेतली असेल, तर मागे घ्यायला अर्ज आणि दोन फेऱ्या लावता येणार नाहीत.

उरलेले कागद रद्दीवाल्याला देऊ नका. मी एकदा शेंगदाण्याच्या पुडीवर एका अनोळखी माणसाचा लिपिड प्रोफाइल वाचला आहे, नाव आणि वयासकट. तो कुठल्या लॅबचा होता हे महत्त्वाचं नाही, तो कागद माझ्या हातात यायलाच नको होता. आम्ही कागद आडवे-उभे फाडतो, बादलीत रात्रभर भिजवतो आणि सकाळी लगदा करून टाकतो. दोघे जण हजर असतात. किती कागद होते आणि कुठल्या तारखेला नष्ट केले, एवढं मंडळाच्या इतिवृत्तात एका ओळीत लिहितो. नावं लिहीत नाही.